उत्तरेचं बाळ वाचलं, द्रौपदीची पाच गेली

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, प्रथम स्कंध, अध्याय आठवा.

जुन्या वाचकांना आठवत असेल, गेल्या चातुर्मासात आपण भागवत लावलं होतं आणि सातव्या अध्यायाशी ते थांबलं. 'थांबलं' असं उगीच म्हणते, मीच थांबवलं. दोन-चार जणांनी विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? तब्येत माझी ठणठणीत होती. पोथीत खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट अकरा महिने त्याच पानावर होतं. परवा पोथी उघडली तर पानावर तिकिटाची पिवळी चौकट उमटलेली दिसली.

झालं असं की माझा नातू आठ महिन्यांचा असताना अंघोळ घालताना माझ्या हाताला त्याच्या पोटात उजवीकडे काहीतरी कठीण लागलं. पायावर उताणा घेतला होता, तेल लावत होते. आधी वाटलं पोट साफ नसेल. पोट मऊ होईना म्हणून कराडच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सोनोग्राफी केली आणि मुंबईला पाठवलं. हिपॅटोब्लास्टोमा. यकृताचा, लहान मुलांनाच होणारा कॅन्सर. या बाळांच्या रक्तात एएफपी नावाचं एक प्रथिन वाढतं. जन्मलेल्या प्रत्येक बाळात ते जास्तच असतं आणि महिन्यागणिक उतरत जातं. आमच्या बाळाचं उतरायचं सोडून चढत होतं, तीन लाखांच्या वर. मी चौथीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलं, पण तो आकडा मला दोनदा वाचावा लागला.

चार वेळा किमो, मग शस्त्रक्रिया, मग परत दोनदा किमो, दर तीन आठवड्यांनी एक. यकृताचा उजवा भाग काढला. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत परत वाढतं, काही आठवड्यांत उरलेला तुकडाच जवळजवळ पूर्ण होतो. मला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं. नंतर सोनोग्राफीत वाढलेलं दिसलं. पहिला वाढदिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाला. केक नव्हता, कोणीतरी चुरमुऱ्याचा लाडू दिला होता, तो हातात घेऊन बसला होता नुसता. आज तो एक वर्ष सात महिन्यांचा आहे. एएफपी सात.

हे सगळं सांगायचं नव्हतं. पण आठव्या अध्यायाबद्दल लिहायचं तर हे बाजूला ठेवून लिहिता येईना. आठवडाभर प्रयत्न करून पाहिला.

शस्त्रक्रियेनंतर घरी आलो तो दिवस. सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. मलाही वाटलं होतं. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर पहिल्यांदा कळलं की हॉस्पिटलात भिंतीवर एक बटण असतं, दाबलं की माणूस येतं. घरात तसं बटण नाही. रात्री दोनला बाळाचा श्वास जरा वेगळा वाटला तर कोणाला विचारायचं? छातीवर नळी होती, औषध द्यायची. तिला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणजे अंघोळ नाही. पोटावर या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत टाके, म्हणून काखेत हात घालून उचलायचं नाही, ढुंगणाखाली हात घालून उचलायचं. तेल नाही, शेक नाही, गुटी नाही. दोन लेकरं आणि एक नात मी माझ्या पायावर वाढवली, आणि आता ओल्या फडक्याने पुसायचं एवढंच माझ्या वाट्याला. तेही सुनेने शिकवल्याप्रमाणे. जावळ काढायचं राहिलंच होतं, ते लाल औषधाने काढलं.

किमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा ताप 100.4 झाला की घड्याळ न बघता निघायचं, असं बजावलेलं. आमच्या ह्यांनी एक वही घातली. तारीख, वेळ, ताप, दूध किती, शी-शू किती वेळा. तलाठ्याच्या ऑफिसात आयुष्य गेलेला माणूस, सात-बाराच्या अक्षरात नातवाच्या शीची नोंद. आम्ही हसायचो. पण एकदा पहाटे साताऱ्याला न्यावं लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती वही मागून घेतली आणि पान-पान पाहिली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

सून चिडचिडी झाली. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, ती म्हणाली लिहा, खरंच आहे. हॉस्पिटलात ती दगडासारखी होती. एक थेंब नाही. घरी आल्यावर मात्र कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून रडायची. रात्रभर तिचा हात बाळाच्या पोटावर असायचा, आणि तो हात प्रेमाने ठेवलेला आहे की चाचपण्यासाठी, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. मलाही कळायचं नाही, कारण माझा हातही तेच करायचा. ज्या हाताने गाठ सापडली तो हात परत साधा आजीचा हात व्हायला तयार नव्हता.

मोठी नात सहा वर्षांची. तिला खोकला झाला म्हणून पंधरा दिवस तिच्या मावशीकडे ठेवली. परत आल्यावर एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "आजी, मला कॅन्सर कधी होणार?" मी म्हटलं, असं बोलू नये गं. तर म्हणाली, "नाही, म्हणजे माझी पाळी कधी?" खेळात राज्य येतं ना, तसं. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की सहा महिने घरात एकाच मुलाचं नाव चाललंय. त्या दिवसापासून संध्याकाळी एक तास मी तिची. बाळ रडलं तरी. हे जमवायला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू.

भेटायला येणारे दारातूनच बघायचे, तोंडाला मास्क. आणि प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, 'देवानं वाचवलं.' कोणी 'तुमची पुण्याई' म्हणायचं. एक जण म्हणाल्या, "इतकी वर्षं पोथी वाचताय बाई, त्याचं फळ बघा." मी हात जोडायचे. मनात धर्मशाळेतली अक्का उभी राहायची.

अक्का लातूरकडच्या. त्यांची नात तीन वर्षांची, आजार हाच, फक्त तो फुप्फुसात पोचलेला होता. आमच्या दोघींच्या गाद्या शेजारी शेजारी. आजीपणाच्या गप्पा, दुसरं काय. अक्का अक्षर वाचत नाहीत, पण हरिपाठ सगळा पाठ. पहाटे मी पुटपुटायला लागले की त्या पुढची ओळ धरायच्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी विठोबाला बोलले, बाळ घरी आलं तर त्याच्या भाराइतका गूळ तुझ्या दारात वाटीन. अक्कांनी ते ऐकलं आणि त्याही तिथेच तुळजापूरच्या आईला बोलल्या, लेकरू चालत घरी आलं तर पायी येऊन खणा-नारळानं ओटी भरीन. एकाच रात्री, एकाच खोलीत, दोघींनी. डोळ्यातलं पाणीही सारखंच. माझ्यापेक्षा अक्कांची श्रद्धा कणभर जास्तच असेल, कमी नाही. मी त्या वेळी मनात खर्चाचाही विचार करत होते.

जानेवारीत त्यांची नात गेली.

घरी आल्यावर त्यांचा फोन आला. मला धीर नव्हता झाला, त्यांनीच केला. पहिलंच वाक्य, "लेकरू कसं हाय, बाई? जेवतंय का?" आणि माझ्या तोंडातून सवयीने 'देवाच्या कृपेने' एवढं बाहेर आलं आणि पुढे शब्दच फुटेना. बरा आहे हे कसं म्हणायचं? देवाच्या कृपेने माझा बरा आहे. मग तुमची? तुमच्या वेळी कृपा कुठे होती? मी तसं काही बोलले नव्हते, पण ते वाक्य बोलण्यात हे सगळं आलंच की. अक्काच म्हणाल्या, "बरं हाय ना, मग झालं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी पोथीला हात लावला नाही. राग आला होता असं नाही. लाज वाटत होती.

आता अध्याय.

युद्ध संपलेलं आहे. कृष्ण द्वारकेला जायला निघालाय, रथावर चढलाय, इतक्यात उत्तरा धावत येते. अश्वत्थाम्याचं अस्त्र तिच्या पोटातल्या गर्भावर सुटलंय. ती म्हणते, मला जाळलं तरी चालेल, पण हा गर्भ पडू देऊ नकोस. वाचताना इथे माझी सून दिसते. तिने भूलतज्ज्ञांना हेच विचारलं होतं, माझं यकृत देता येतं का म्हणून. कृष्ण गर्भाला आपल्या मायेने झाकतो, बाळ वाचतं. हाच पुढे परीक्षित. आणि मग कुंती हात जोडून स्तुती करते. ती स्तुती आपल्याकडे फार सांगितली जाते. कीर्तनात, प्रवचनात. मीसुद्धा शाळेत परिपाठाला सांगितली आहे. तिच्यात कुंती मोजते : विषातून वाचवलंस, आगीतून वाचवलंस, राक्षसांपासून, त्या दुष्ट सभेतून, वनवासातून, युद्धातल्या महारथींच्या अस्त्रांतून, आणि आता अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून.

चाळीस वर्षांत मला एक गोष्ट दिसली नव्हती. कुंती बोलायला उभी राहते तेव्हा भागवतकार सांगतात की तिच्यासोबत तिचे मुलगे आहेत आणि द्रौपदी आहे. एक शब्दभर उल्लेख. द्रौपदी तिथे उभी आहे! जिची पाच मुलं याच अश्वत्थाम्याने रात्री झोपेत मारली, ती सासूच्या शेजारी उभी राहून ऐकते आहे की देवा, तू आम्हाला प्रत्येक वेळी वाचवलंस. त्या यादीत तिच्या पाचांचा उल्लेख नाही. असणार कसा?

मला त्या मुलांची नावंही आठवेनात. अभिमन्यूचं नाव शेंबड्या पोराला माहीत असतं. मग महाभारत काढून पाहिलं. प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. लिहून ठेवलीत वहीच्या मागच्या पानावर.

आणि याच्या मागचा, सातवा अध्याय, जिथे आपण गेल्या वर्षी थांबलो होतो, तो काय आहे? अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणतो आणि द्रौपदी म्हणते, सोडा याला. याची आई अजून जिवंत आहे, मी जशी रडते आहे तशी तिने रडू नये. लोक याला क्षमा म्हणतात. मला आता ती क्षमेपेक्षा ओळख वाटते. मूल गेलेल्या बाईला दुसरीचं मूल कसं आहे हे आधी सुचतं. लेकरू कसं हाय, बाई, जेवतंय का.

भागवताचा क्रम असा की द्रौपदीने ज्याला सोडवलं त्यानेच पुढे उत्तरेच्या पोटावर अस्त्र टाकलं. म्हणजे चांगल्या कर्माला चांगलं फळ एवढा सोपा हिशोब या पोथीत तरी नाही. तरी आपण तो लावत बसतो. आमच्याकडे एक नातेवाईक येऊन गेले, ते दारातूनच म्हणाले, "पूर्वजन्मीचं काहीतरी असणार, आता फिटलं." आठ महिन्यांच्या पोराचं काय फिटायचं? आणि अक्कांच्या नातीचं फिटलं नाही म्हणून ती गेली का? मी कर्मसिद्धांत मानते. लहानपणापासून मानत आले. पण तो माझ्या पायाशी बघायला आहे असं मला वाटतं, शेजारच्या गादीवरच्या लेकराला लावून बघायला तो दिलेला नाही. ते गृहस्थ वयाने मोठे, मी चहा दिला आणि गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

माझा मुलगा दुसऱ्या टोकाला. तो इंजिनिअर आहे, देवघराशी भांडण नाही त्याचं, पण एका रात्री बोललाच. "आई, वाचवलं सर्जननं. देवानं वाचवलं म्हणतेस तर मग गाठ कोणी दिली?" मी म्हटलं, अरे, सर्जनच्या हातात देवच. तो म्हणाला, "मग त्या अक्कांच्या वेळी सर्जनच्या हातात कोण होतं?" पुढे मी काही बोलले नाही. त्याच्या आवाजात माझ्यावरचा राग नव्हता. तोही अक्कांच्या नातीला खांद्यावर घेऊन धर्मशाळेच्या गच्चीवर फिरवायचा.

आणि वाचवलं म्हणजे तरी काय पूर्ण? सिस्प्लॅटिन नावाचं जे औषध त्याला दिलं, ते गाठ आटवतं, पण कानाच्या आतल्या बारीक पेशी मारू शकतं. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आम्हाला ते आधीच सांगून सही घेतली होती, लपवलं नव्हतं. घरी आल्यावर माझी पूजा बिघडली ती यामुळे. सकाळी आरतीला घंटा वाजवायची आणि तिरक्या नजरेने बघायचं, बाळ वळतं का. विठोबाकडे लक्षच नाही. मोठ्याने वाजवली की ज्योत बघून वळायचा, की आवाजाने? मग हे बाळाला पाठमोरा धरायचे आणि मी घंटा वाजवायची. देवापुढे आमची ही परीक्षा चालायची. मुंबईला बेरा तपासणी केली तेव्हा कळलं, उंच आवाज गेलेत. बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ ही अक्षरं त्याला धूसर. आता दोन्ही कानांत मुगाच्या दाण्याएवढी यंत्रं आहेत, ती तो काढून तोंडात घालतो. नात त्याच्या पाठीमागे धावते, "आजी, त्यानं कान खाल्ला!"

परीक्षित नाव का पडलं, हे पुढे बाराव्या अध्यायात येतं. गर्भात असताना ज्याने आपल्याला वाचवलं तो कोण, म्हणून ते बाळ जन्मल्यावर प्रत्येक माणसाकडे निरखून बघायचं, हाच का तो, हाच का तो. आमचाही बघतो तसा, पण त्याचं कारण वेगळं. ओठ वाचायला शिकतोय.

कुंतीच्या स्तुतीतली दोन मागणी प्रसिद्ध आहेत. एक, आम्हाला संकटं येऊ देत, वारंवार, म्हणजे तुझं दर्शन होईल. मी स्पष्टच लिहिते, हे मला मागता येणार नाही. आधी मी हे मोठ्या प्रेमाने सांगायचे. आता ज्याला संकट आलंय त्याच्यासमोर मी ते सांगणार नाही. कुंतीने ते स्वतःसाठी, स्वतःच्या तोंडाने मागितलं, तिचा अधिकार होता. दुसरं, पांडव आणि यादवांवरचा हा माझा स्नेहाचा घट्ट फास तोडून टाक. हे तर मी वाचलं आणि सरळ पान उलटलं. नको तोडू. एवढ्यात तर नकोच.

पण त्या स्तुतीत मधेच एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी फारसं थांबत नाही. कुंती म्हणते, तुझ्या मनात काय आहे ते कोणालाच कळत नाही. तुला कोणी लाडका नाही आणि कोणी नावडता नाही, तसा भेद माणसांच्या बुद्धीत असतो. म्हणजे इतक्यांदा वाचलेली बाई, आत्ता पणतू होणार म्हणून वंश टिकलेली बाई, ती असं म्हणत नाही की आम्ही तुझे लाडके म्हणून वाचलो. का वाचलो याचं कारणच ती देत नाही. नुसती मोजते आणि वाकते. शेजारी द्रौपदी उभी असताना जेवढं बोलता येईल तेवढंच ती बोलते, असं मला आता वाटतं. कोणी म्हणेल बाई, हे तुमच्या मनचं. असेल.

त्या दिवसापासून घरात मी एक शब्द गाळला. 'बाळ कसं आहे' विचारलं की सांगते, बरं आहे, जेवतंय. हात जोडते. 'म्हणून' आणि 'कारण' घालत नाही. आभार मानायला मला कारणाची गरज पडत नाही, आणि कारण दिलं की ते अक्कांना जाऊन लागतं. पुण्याई म्हणणाऱ्यांना सांगते, नाही हो, आमच्यापेक्षा पुण्यवान माणसांची मुलं गेलीत. लोकांना ते आवडत नाही. विषय बदलतात.

युधिष्ठिराचंही याच अध्यायात आहे. व्यासांनी समजावलं, खुद्द कृष्णाने समजावलं, तरी त्याचं समाधान झालं नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. भागवतकारांनी ते लपवलं नाही.

राहिला नवस. बाळाला गर्दीत न्यायची परवानगी नव्हती म्हणून तो लांबत गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी वजन साडेसात किलो होतं, औषधाचा डोस वजनावर ठरायचा, ग्रॅम-ग्रॅम मोजलेलं. आता दहा किलो दोनशे. हे म्हणतात, "जितका उशीर करशील तितका गूळ वाढतोय." पण माझं पाऊल उचलत नव्हतं ते गर्दीमुळे नव्हतंच. नवस फेडायचा म्हणजे सौदा झाला असं कबूल करायचं. मी बोलले, त्याने दिलं, मी गूळ दिला. मग अक्काही बोलल्या होत्या. तिथे सौदा का मोडला? गूळ वाटला तर माझ्या हाताने मी हे सिद्ध करते की माझं ऐकलं आणि तिचं नाही. आणि नाही वाटला तर दिलेला शब्द मोडला. आठ महिने हे असंच.

मागच्या आठवड्यात धीर करून अक्कांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, पेरणी, सोयाबीन. मग मी हे सगळं त्यांच्यापुढे ठेवलं, गूळ, विठोबा, सगळं. लहान मुलासारखं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं दुखावलं मी.

मग म्हणाल्या, "बाई, माझी बी ओटी राहिलीय की."

मी म्हटलं, अक्का, तुम्ही तर... लेकरू घरी आलं तर असं बोलला होतात.

"व्हय. लेकरू नाय आलं. म्हणून आईला उपाशी ठेवायचं का? मी बोललेली हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "तिच्यापुढं जाऊन रडायचं बी राहिलंय. घरात रडता येत नाय, सून बघती."

मी काहीच बोलू शकले नाही. शेवटी विचारलं, मी येऊ का बरोबर? त्या म्हणाल्या, "या की. गूळ घेऊन या. पंढरपूर तुमच्या वाटंवरच हाय."

वाटेवरच आहे. कराडहून पंढरपूर, तिथून सोलापूर, पुढे तुळजापूर. त्या लातूरकडून येतील, शेवटचे काही कोस तरी पायी चालायचं म्हणतात. माझा गुडघा तेवढा चालेल. बाळ येणार नाही, सुनेला मी आग्रह केला नाही. दहा किलो दोनशेचा गूळ हे काल घेऊन आले, वजन त्यांनी वहीत लिहिलंय, तापाच्या रकान्याशेजारी.

तारखेवरून मात्र घरात थोडं झालं. तीन महिन्यांची सोनोग्राफी आणि एएफपी 18 तारखेला आहे. तारीख जवळ आली की आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ओट्यावरची भांडीसुद्धा हळू ठेवतो. परीक्षिताला निदान सात दिवस आहेत हे माहीत होतं, म्हणून तो गंगेकाठी ऐकत बसला. आम्हाला दर तीन महिन्यांनी पुढचे तीन महिने मिळतात. हे म्हणाले, रिपोर्ट चांगला आला की मग जा, 20 नंतर. सून पण तेच म्हणाली. मीही आधी तेच धरून होते, कॅलेंडरवर 21 ला गोल केला होता.

काल रात्री तो गोल खोडला. आम्ही मंगळवारी निघतोय, 14 तारखेला. त्यामुळे पुढचे चार दिवस इथे लिहिणं होणार नाही, नववा अध्याय आल्यावर.

राम कृष्ण हरी.